निपाहचा वारंवार उद्भव : विषाणूची कार्यपद्धती आणि आरोग्य यंत्रणेपुढील प्रश्न

केरळमध्ये २०१८ पासून निपाह विषाणूचा उद्भव वारंवार होत आहे. २०१८ मध्ये कोळिकोड आणि मलप्पुरम, २०१९ मध्ये एर्नाकुलम, २०२१ आणि २०२३ मध्ये पुन्हा कोळिकोड, २०२४ मध्ये मलप्पुरम आणि २०२५ मध्ये मलप्पुरम व पालक्काड अशी ही मालिका आहे. रुग्णांची संख्या प्रत्येक वेळी मर्यादित राहिली, हे खरे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या आजाराचा मृत्यूदर ४० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान आहे आणि त्यावर मान्यताप्राप्त लस वा खात्रीचे औषध अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे एका रुग्णाची बातमी आली तरी शेकडो व्यक्तींना विलगीकरणात ठेवावे लागते आणि शाळा व बाजार बंद करावे लागतात. हा विषाणू इतका घातक का ठरतो आणि तरीही तो दूरवर का पसरत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या पेशीतील वर्तनात सापडतात.

कोणताही विषाणू स्वतंत्रपणे जगू शकत नाही. त्याच्याजवळ ऊर्जा निर्माण करण्याची वा प्रथिने घडविण्याची यंत्रणा नसते. त्यासाठी त्याला सजीव पेशीत शिरावे लागते आणि शिरण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावरील एखाद्या रेणूला चिकटावे लागते. कोणता रेणू निवडला जातो, यावरच रोगाचे स्वरूप बहुतांशी ठरते. निपाह हा गोवर आणि गालगुंड यांच्या विषाणूंच्याच कुळातील, पॅरामिक्सोव्हायरस गटातील विषाणू आहे. त्याच्या आवरणावरील 'जी' हे प्रथिन मानवी पेशीवरील एफ्रिन-बी २ आणि एफ्रिन-बी ३ या रेणूंना घट्ट पकडते. गर्भावस्थेत रक्तवाहिन्या आणि चेतातंतू यांची योग्य दिशेने वाढ व्हावी, हे एफ्रिन रेणूंचे मूळ कार्य. ते रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर आणि मेंदूतील चेतापेशींवर विपुल असतात. एफ्रिन-बी ३ मेंदूच्या खोडात, म्हणजे श्वसन आणि हृदयगती यांचे नियंत्रण करणाऱ्या भागातही आढळतो. निपाहचा रोगी तापाने आजारी पडून काही दिवसांतच भ्रमिष्ट का होतो आणि बेशुद्धावस्थेत का जातो, याचे कारण या एका निवडीत दडलेले आहे.

हेच रेणू वटवाघूळ, डुक्कर, घोडा आणि मनुष्य या सर्वांमध्ये जवळजवळ सारखेच आहेत. परिणामी, एका प्राण्यातून दुसऱ्यात जाताना निपाहला फारसे बदलावे लागत नाही. अनेक विषाणूंना प्रजातींमधील ही सीमा ओलांडणे कठीण जाते. निपाहच्या बाबतीत ती सीमा पेशीच्या दाराशी तरी फार उंच नाही.

दाराशी पोहोचल्यावर 'एफ' हे दुसरे प्रथिन विषाणूचे आवरण आणि पेशीचे आवरण एकमेकांत मिसळते व विषाणूचा जनुकीय आराखडा आत सोडला जातो. हा आराखडा सुमारे १८,२०० अक्षरांचा, म्हणजे केवळ सहा जनुकांचा आहे. तो ज्या स्वरूपात असतो ते पेशीला थेट वाचता येत नाही, म्हणून विषाणू आपला वाचक, अर्थात पॉलिमरेज हे विकर, सोबत घेऊन येतो. त्याच्या साहाय्याने पेशीत नव्या प्रती तयार होतात. बाधित पेशी सामान्यतः इंटरफेरॉन हे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. निपाह आपल्या एकाच 'पी' जनुकातून 'व्ही', 'डब्ल्यू' आणि 'सी' अशी आणखी प्रथिने घडवितो आणि ती प्रथिने हा इशारा दडपून टाकतात.

यापुढील टप्पा विशेष विध्वंसक आहे. नव्याने तयार झालेली 'जी' आणि 'एफ' प्रथिने बाधित पेशीच्या पृष्ठभागावर येतात व ती पेशी शेजारच्या निरोगी पेशीला चिकटून तिच्यात विलीन होते. अशा अनेक पेशी मिळून अनेक केंद्रकांची एक राक्षसी पेशी तयार होते. विषाणूला बाहेर पडून प्रतिपिंडांच्या तडाख्यात सापडण्याची गरजच उरत नाही. तो आतल्या आत पसरतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात हे घडू लागले की तेथे दाह होतो, गुठळ्या जमतात आणि मेंदूच्या लहान लहान भागांचा रक्तपुरवठा खंडित होतो. एकीकडे चेतापेशींचा थेट संसर्ग आणि दुसरीकडे रक्ताअभावी होणारे नुकसान असा हा दुहेरी आघात असतो. मलेशियातील काही रुग्ण बरे झाल्यानंतर काही महिन्यांनी, तर काही जण वर्षांनंतर पुन्हा मेंदूज्वराने आजारी पडले. विषाणू मेंदूत दीर्घकाळ दडून राहू शकतो, असे त्यावरून दिसते.

वटवाघळांना मात्र याची फारशी झळ पोहोचत नाही. टेरोपस जातीची मोठी फळभक्षी वटवाघळे हा विषाणू आजारी न पडता बाळगतात आणि लाळ, मूत्र व विष्ठा यांवाटे अधूनमधून बाहेर टाकतात.

मनुष्यापर्यंत येण्याचे मार्ग निरनिराळे आहेत. मलेशियात १९९८-९९ मध्ये तो डुकरांमार्फत आला. आरंभी तेथे जपानी मेंदूज्वराचा संशय घेऊन डासांविरुद्ध मोहीम राबविण्यात आली आणि मोलाचा वेळ गेला. विषाणूची ओळख पटेपर्यंत साथ पसरली होती. अखेर २६५ रुग्ण आणि १०५ मृत्यू नोंदले गेले व दहा लाखांच्या आसपास डुकरांची कत्तल करावी लागली. सुंगाई निपाह या तेथील गावावरून विषाणूला नाव मिळाले. बांगलादेशात २००१ पासून जवळपास दर हिवाळ्यात रुग्ण आढळतात आणि तेथे दोष खजुरीच्या कच्च्या रसाकडे जातो. महाराष्ट्रात ज्या शिंदीपासून नीरा काढतात तेच हे झाड. रात्री मडक्यात थेंब थेंब साठणारा रस वटवाघळे चाटतात आणि पहाटे तो रस न उकळता प्यायला जातो. केरळमध्ये अशी प्रथा नाही. कोळिकोडच्या वटवाघळांत विषाणू आढळला असला तरी तेथील पहिल्या रुग्णांना तो नेमका कशातून मिळाला, हे आजवर सिद्ध झालेले नाही. संपूर्ण प्रश्नातील हीच सर्वांत मोठी उणीव होय.

भारताचा या विषाणूशी पहिला संबंध २००१ मध्ये सिलिगुडी येथे आला. तेथे ६६ रुग्ण आढळले व ४५ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुसंख्य लोक रुग्णालयांशी संबंधित होते : परिचारिका, कर्मचारी, भेटीस आलेले नातेवाईक. त्या वेळी रोगाचे निदान झाले नाही. जतन केलेल्या नमुन्यांवरून निपाहचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये नदिया जिल्ह्यातील पाचही रुग्ण दगावले. २०१८ मध्ये मात्र मणिपाल येथील प्रयोगशाळेने संशय व्यक्त करताच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्यास दुजोरा दिला आणि एकाच कुटुंबातील दुसऱ्या मृत्यूनंतर काही दिवसांतच रोगाचे नाव निश्चित झाले. पाच वर्षे आणि पाच दिवस यांतील हे अंतर साधी गोष्ट नव्हे.

असे असले तरी २०१८ च्या पहिल्या रुग्णाची तपासणी झालीच नव्हती. त्याच्याकडून संसर्ग झालेल्यांपैकी अनेक जण रुग्णालयातच त्याच्या संपर्कात आले होते. त्याची शुश्रूषा करणारी परिचारिकाही दगावली. त्या प्रादुर्भावात प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या १८ रुग्णांपैकी केवळ दोघे वाचले. २०२३ मध्येही हाच क्रम दिसला. ३० ऑगस्ट रोजी दगावलेल्या पहिल्या रुग्णाच्या आजाराचा उलगडा त्याचे आप्त आजारी पडल्यावर झाला. ताप, डोकेदुखी, खोकला, भ्रम ही लक्षणे निपाहची तशीच इतर अनेक मेंदूज्वरांची. जिल्हा पातळीवरील डॉक्टरांनी प्रत्येक वेळी निपाह ओळखावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. मात्र अज्ञात कारणाच्या प्रत्येक मेंदूज्वराचा नमुना मृत्यूपूर्वी घेतला जावा आणि खोकणाऱ्या रुग्णास गर्दीच्या दालनात ठेवू नये, ही अपेक्षा अवास्तव नाही.

निपाह दूरवर पसरत नाही, यामागेही त्याची कार्यपद्धतीच आहे. लक्षणे नसताना तो फारसा संक्रमित होत नाही. रुग्ण गंभीर झाल्यावर, विशेषतः फुप्फुसे बाधित झाल्यावर, त्याच्या श्वसनस्रावांतून विषाणू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. तोपर्यंत रुग्ण खाटेला खिळलेला असतो. कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्यापूर्वीच रेल्वेने प्रवास करीत असे. निपाहचा रुग्ण बहुधा आपल्या आईला, भावाला वा परिचारिकेलाच संसर्ग देतो. एका रुग्णाकडून सरासरी एकाहून कमी व्यक्तींना लागण होत असल्याने साखळी आपोआप तुटते. भारतीय रुग्णालयांत निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. त्यामुळे मुखपट्टी, हातमोजे आणि एकाच सेवेकऱ्याची नेमणूक या साध्या उपायांचे मोल येथे इतर कोणत्याही देशापेक्षा कमी नाही.

औषधांच्या आघाडीवर हालचाल आहे, गती मात्र संथ. 'जी' प्रथिनाला एफ्रिनशी जोडले जाऊ न देणारे एम १०२.४ हे प्रतिपिंड भारताने ऑस्ट्रेलियाकडून मिळविले आहे. त्याच्या मोजक्याच मात्रा देशात आल्या. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेल्या लसीची मानवी चाचणी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रुग्ण इतके थोडे असताना लस परिणामकारक आहे हे सिद्ध करणे अवघड आणि औषध कंपन्यांना त्यात नफा नाही. हा खर्च शासनसंस्थांनाच उचलावा लागेल.

महाराष्ट्रालाही या घडामोडींकडे तटस्थपणे पाहता येणार नाही. पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले असता त्यांत निपाहची प्रतिपिंडे आढळली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ही वटवाघळे टेरोपस जातीची नसून लहान आकाराची होती, तसेच राज्यात मानवी रुग्णाची नोंद नाही. त्या वेळी काही ठिकाणी वटवाघळे मारण्याची भाषा सुरू झाली होती. हाकलली गेलेली, उपाशी वटवाघळे अधिक विषाणू बाहेर टाकतात, असे ऑस्ट्रेलियातील निपाहच्या भाऊबंद हेंड्रा विषाणूच्या अभ्यासांतून दिसले आहे. तेव्हा झाडे तोडल्याने वा गुहा बुजविल्याने धोका घटण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक. सह्याद्रीच्या रांगेत महाबळेश्वर ते कोळिकोड अशी वटवाघळांची नियमित तपासणी सुरू ठेवण्यास मात्र फार मोठा निधी लागत नाही. पुण्यात त्यासाठी आवश्यक अतिसुरक्षित प्रयोगशाळा आधीच उभी आहे.