धावता धावता सावरलेली मुले



मिरचीचे रोप वाफ्यातून काढून दुसरीकडे लावले, की चार दिवस मान टाकते. पाणी आणि थोडी सावली मिळाली, की नवी मुळी धरते. पण ज्या पोरांना कुणी हलक्या हाताने काढलेच नाही, लढाईने ओरबाडून फेकले, त्यांनी मुळी कशी धरावी? आज अशाच पोरांची हकीकत सांगतो.

आफ्रिकेतील केनिया देशाच्या वायव्येला तुर्काना हा रुक्ष, तापलेला मुलूख आहे. तेथे काकुमा येथे 1992 पासून निर्वासितांची छावणी आहे. शेजारच्या सुदानमधील यादवीतून पळालेली कितीतरी पोरे तेथे वाढली. बरीचशी गुरे राखणाऱ्यांच्या घरची. गुरे गेली, आईबाप दुरावले. छावणीत शिधा मिळे, पण हाताला काम नाही. रिकामे मन आणि पडीक रान सारखेच. त्यात नको तेच उगवते.

लोपेझ लोमाँग हा त्यांतलाच एक. 1991 साली, सहा वर्षांचा असताना, बंडखोरांनी त्याला उचलून नेले. तीन थोरल्या मुलांबरोबर तो निसटला आणि धावत केनियाची हद्द गाठली. काकुमात त्याने दहा वर्षे काढली. 2000 साली पाच मैल चालत जाऊन त्याने दूरदर्शन संचावर सिडनी ऑलिंपिकमधील शर्यत पाहिली आणि आपणही असेच धावायचे, हे मनाशी ठरविले. पुढे अमेरिकेत एका कुटुंबाने त्याला सांभाळले. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा झेंडा त्याच्याच हाती होता.

न्यूयॉर्कची मॅरेथॉन दोनदा जिंकणाऱ्या केनियाच्या तेग्ला लोरूप यांनी 2015 साली काकुमातून धावपटू निवडले. रोझ नाथिके या मुलीने शाळेच्या शर्यतीत प्रथमच 10 किलोमीटर धावून दुसरा क्रमांक मिळविला होता. पाऊलो लोकोरो पूर्वी गुरे राखत असे. 2016 साली रिओ ऑलिंपिकला निर्वासितांचा पहिला संघ गेला. 10 खेळाडूंपैकी 5 जण काकुमातून आलेले धावपटू होते, आणि झेंडा रोझच्या हाती होता. त्याच रिओत आपल्या माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली.

त्या पाच जणांना पदक मिळाले नाही. पण त्यांच्यातील यिएच पुर बिएल 2022 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा सभासद झाला.

धावण्याने असे काय होते? ठरल्या वेळी उठावे लागते. अंग दमते, म्हणून रात्री झोप लागते. सोबतीला चार जण असतात. एखाद्या दिवशी आला नाहीस तर का आला नाहीस, असे विचारणारे कुणीतरी असते. आणि काल एका झाडापर्यंत पोचलो, आज पुढच्या झाडापर्यंत, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. ज्याच्या हाती काहीच उरले नाही, त्याला एवढे पुष्कळ असते.

मात्र धावणे म्हणजे जादू नव्हे. धावण्याने कागदपत्रे मिळत नाहीत, पोटही भरत नाही. 2025 साली मदतीचा पैसा आटला आणि काकुमातील शिधा तोडला गेला. उपाशी पोराला धाव म्हणणे हा अन्यायच होय. खताची मात्रा ओलीवरच लागू पडते, हे आपणांस सांगायला नकोच.

आपल्या गावीही पहाटे भरतीसाठी पोरे धावतात. धरणामुळे, दुष्काळामुळे किंवा घरातल्या आघाताने उखडलेले एखादे पोर ओसरीवर गप्प बसून असेल, तर या पोरांना सांगा, जाताना त्याला हाक मारा. पहिले आठ दिवस नुसते चालू द्या, मग मातीच्या वाटेने सावकाश धावू द्या. आणि परतल्यावर त्याच्यापुढे भाकरी ठेवायला विसरू नका.