कर्ज फिटले, पण पत सुधारली का?

थकलेले कर्ज एकदाचे भरले की बँकेशी हिशेब संपला, असा आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. २०१६ची नोटाबंदी आणि २०२०ची टाळेबंदी यांत भिवंडी-मालेगावचे अनेक माग बंद पडले, हप्ते थकले. पुढे कोणी दागिने मोडून, कोणी माग भंगारात विकून खाते मिटवले. आता हेच लोक सुतासाठी भांडवल मागायला जातात, तेव्हा बँकेचे साहेब संगणकात पाहून मान हलवतात. ‘सगळे भरले, आता काय राहिले?’ असे आम्हाला वारंवार विचारले जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

पूर्वी पत बाजारात असे. कोणाचा माल अडकला, कोणाची नियत फिरली, हे सुताच्या दलालाला ठाऊक असे. आता ती वही चार कंपन्यांकडे आहे. सिबिल ही २००० साली स्थापन झालेली त्यातली सर्वांत जुनी. इतर तीन एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५च्या कायद्याने बँकांना कर्जदारांची माहिती या कंपन्यांना देणे बंधनकारक आहे. तिच्यावरून ३०० ते ९०० असा गुणांक काढतात. हप्ता किती दिवस उशिरा आला हे अहवालात महिन्यागणिक लिहिलेले असते. थकबाकी भरल्याने बाकी शून्य होते, मागचा उशीर पुसला जात नाही. पुढचे हप्ते वेळेवर जात राहिले तर तो जुना होत जातो आणि गुणांक हळूहळू चढतो. त्याला महिने लागतात, कधी वर्षे.

खरी गोम खाते कोणत्या शब्दाने बंद झाले यात आहे. समजा, ५ लाख थकले आणि बँकेने ३ लाखांत तडजोड केली. कर्जदार शुक्राने की नमाज पढून मोकळा होतो. अहवालात मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पूर्ण रक्कम भरणाऱ्याला ‘क्लोज्ड’ मिळतो. पुढच्या बँकेला पहिल्याचा अर्थ एवढाच कळतो की याने पूर्ण पैसे दिले नाहीत. शिवाय जून २०२३च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार शेतीखेरीज इतर कर्जात तडजोड केलेल्याला किमान १२ महिने नवे कर्ज देता येत नाही. ‘रिटन ऑफ’ हा शेरा तर फारच फसवा. अनेकांना ती माफी वाटते. बँकेने ते कर्ज फक्त आपल्या ताळेबंदातून बाजूला काढलेले असते. वसुलीचा हक्क तसाच राहतो.

व्याजाच्या मसल्यात आम्ही इथे शिरत नाही, तो उलेमांचा प्रांत आहे. परंतु तडजोडीबद्दल एक हदीस आठवते. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनी मस्जिदीत आपल्या कर्जदाराकडे तगादा लावला, आवाज चढले. प्रेषितांनी (स.) हुजऱ्यातून बाहेर येऊन कअब यांना निम्मे सोडण्याचा इशारा केला आणि कर्जदाराला उरलेले फेडायला सांगितले. सहीह बुखारीत हे आले आहे. सावकाराने राजीखुशीने सोडले म्हणजे कर्जदार मोकळा, असाच व्यवहार आपण जाणतो. बँक सोडते आणि लक्षातही ठेवते.

आमची तक्रार इथेच आहे. मार्चअखेर जवळ आली की वसुलीवाले गोड बोलून तडजोडीला बसवतात. शेऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तडजोडीच्या पत्रावरच, मराठीत वा उर्दूत, ‘तुमचे खाते अमुक शेऱ्याने बंद होईल’ असे छापलेले असले पाहिजे. दुसरे असे की, बुडव्या आणि बुडालेला यांत गुणांक फरक करत नाही. तो करता येत नाही असे मात्र नाही. मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये ज्यांनी हप्त्यांची सवलत घेतली, त्यांच्या नोंदीवर तिचा वाईट परिणाम होऊ नये असे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले होते.

तोवर आपण काय करावे? ऐपत असेल तर उशिरा का होईना, पूर्ण रक्कम भरावी. तडजोड झालेली असेल, तर सुटलेली रक्कम भरून शेरा बदलून देता का, हे बँकेला लेखी विचारावे. बेबाकी दाखला घेतल्याशिवाय उठू नये. दीड-दोन महिन्यांनी अहवाल मागवावा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. ‘गुणांक वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून तर चार हात दूरच राहावे. खरी नोंद कोणाला पुसता येत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर २६ एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

जामीन राहिलेल्यांचे काय, हेही पुष्कळजण विचारतात. कर्ज भावाचे वा मेहुण्याचे असले तरी ते जामीनदाराच्या अहवालातही दिसते आणि थकले की त्याच्याही नावाला लागते. आपल्यात नात्यात सहीला नाही म्हणणे अवघड असते. पण मग तडजोडीला बसताना जामीनदारालाही सोबत न्यावे. त्याच्या नोंदीत काय उमटणार, हे त्याला सही होण्याआधी कळले पाहिजे. त्याच्या मुलाच्या शिक्षणाचे कर्ज नाकारले गेल्यावर नव्हे.