बाबासाहेबांची बंद पाडलेली पेढी आणि आमचा पदवीधर

जानेफळसारख्या मेहकर तालुक्यातील गावातला आमचा मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की एमपीएससी, पोलीस भरती आणि शिक्षक भरती एवढ्या तीनच दारांपुढे रांग लावते. चौथे दार आहे आर्थिक नियोजनाच्या सल्लागाराचे. हा धंदा पिढीजात पैसेवाल्यांचा, आपला नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी इतिहास तपासावा.

1917 साली परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. पेढी चांगली चालू लागली. पण मालक अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली. ज्ञान कमी पडले नव्हते, जात आडवी आली! त्याच बाबासाहेबांनी 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकविले आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला.

आज कायदा जात विचारीत नाही, परीक्षा विचारतो. म्युच्युअल फंड वितरकाला एनआयएसएमची परीक्षा आणि अ‍ॅम्फीची नोंदणी लागते. फी घेऊन सल्ला देणाऱ्याला सेबीच्या 2013 च्या नियमांखाली नोंदणी करावी लागते. नोंदणीवाचून असा व्यवसाय करणे बेकायदा आहे. 2024 च्या दुरुस्तीने अनुभवाची अट काढून टाकल्यामुळे नव्या पदवीधराची वाट बरीच मोकळी झाली आहे. गिऱ्हाईक जात विचारणारच नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

पण आमची खरी चिंता वेगळीच आहे. कमिशनवर चालणाऱ्या कंपन्या नव्या पोराला आधी नातेवाइकांची यादी मागतात. मामा, मावशी, शेजारी यांच्या गळ्यात पॉलिसी मारून झाल्या की यादी संपते, आणि पोराची नोकरीही संपते. ऑगस्ट 2014 मध्ये सेबीने पीएसीएल कंपनीला सुमारे 49 हजार कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. तो पैसा गोरगरिबांकडून कोणी गोळा केला होता? गावोगावच्या ओळखीच्या एजंटांनीच! कंपनीचे मालक दूर राहिले, शिव्या आणि तगादे एजंटांच्या दारी आले. फसवणुकीचे कागद घेऊन वकिलाकडे येणारा माणूस आम्ही पाहतो, तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

म्हणून आमच्या पदवीधरांना आमचे सांगणे आहे. पहिली एक-दोन वर्षे बँकेत किंवा ब्रोकरकडे पगारावर काम करा, कारण घरी पाठबळ नसलेल्याला कमिशनवर पहिले वर्ष काढणे कठीण जाते. त्या काळात परीक्षा द्या. मग अंगणवाडी सेविका, एसटीचा कंडक्टर, निवृत्त शिक्षक यांच्याकडे जा. आधी त्यांचे सावकारी कर्ज फेडण्याचा हिशेब मांडा, मग मुदत विमा आणि अडीअडचणीची शिल्लक बघा, गुंतवणूक सर्वांत शेवटी. कोणती योजना विकल्यावर तुम्हाला किती कमिशन मिळते, हे स्वतःहून सांगा.

समाजाचेही कर्तव्य आहे. जास्त व्याजाच्या आमिषापेक्षा आपल्या शिकलेल्या मुलाला त्याची रास्त फी द्या. 1917 साली परक्यांनी पाठ फिरविली होती. आज आपणच पाठ फिरवायची काय?