दोन घटिकांची शांती

इतवारीतील व्यापारी रात्री दुकान बंद करतो. मनातील वही मात्र उघडीच राहते. अडकलेली उधारी, उद्याची देणी, घसरलेले भाव यांची बेरीज अंथरुणातही चालूच असते. अशा अस्वस्थ मनासाठी जैन धर्मात सामायिक सांगितले आहे : दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, स्थिर आसन आणि समभाव.

नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, रामटेकला, भगवान शांतिनाथ कायोत्सर्ग मुद्रेत उभे आहेत. ते वीतराग आहेत. कुणाची उधारी वसूल करून देत नाहीत. त्यांच्यावरील श्रद्धा म्हणजे त्यांनी दाखविलेल्या मार्गावरील विश्वास. कर्माचा उदय ओसरतो, आत्मा टिकतो. सामायिकातून उठल्यावर देणे तेवढेच असते. ते फेडणारा मात्र सावरलेला असतो.