नाक सरळ झाले, मनाचे काय?

'मुलगी नाकीडोळी नीटस हवी,' असे पाहुणे सहज बोलून जातात. पण नकटी म्हणून नाकारलेल्या मुलीच्या मनात तो शब्द काट्यासारखा रुतून बसतो. आता तर नाक सरळ करून देणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती मोबाईलवर येतात. पैसे हप्त्याने भरायची सोयही असते. म्हणून बंधू-भगिनींनो, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्या.

पहिली गोष्ट, प्लास्टिक सर्जरी ही विद्या वाईट नव्हे. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ साली टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. १७९४ साली ही हकिगत लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिकडचे डॉक्टर ही रीत शिकले. भाजलेली बाई असो की दुभंगल्या ओठाचे मूल, अशांना ही शस्त्रक्रिया पुन्हा चारचौघांत आणते. मुंबईत केईएम आणि शीव या पालिका रुग्णालयांत हा विभाग आहे.

दुसरी गोष्ट, दुखणे मनात असेल तर तिथे सुरी पोचत नाही. निरोगी मनाने शस्त्रक्रिया करून घेणारे बरेच जण समाधानी असतात, हेही खरे. पण काहींना नसलेले किंवा किरकोळ व्यंग डोंगराएवढे वाटते. ते तासन्तास आरशासमोर उभे राहतात, तोंड लपवतात, लग्नकार्याला जाणे सोडतात. इटलीचे डॉक्टर मोर्सेली यांनी १८९१ सालीच या आजाराचे वर्णन केले. आज त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. शंभरात साधारण दोघांना तो असतो, पुरुषांनाही होतो. अशांचे शस्त्रक्रियेने बहुधा समाधान होत नाही. नाक झाले की हनुवटी खुपू लागते. पैसा जातो, निराशा वाढते, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचारही येतात.

या आजारावर समुपदेशन आणि औषधे यांचा उपयोग होतो. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, त्यात लाज कसली? सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते.

आणि एक काम तर बिनपैशाचे आहे. 'काळी', 'नकटी', 'दातपुढी' ही विशेषणे आपल्या घरातून आजच हद्दपार करा. पाहुण्यांनी उच्चारली, तर त्यांनाही तिथल्या तिथे थांबवा.