इंटरनेट प्रथम कोठें न्यावें?

आपली शाहूपुरी राजर्षि शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविली, हें येथील लहान मुलासही ठाऊक असतें. त्याच्या अगोदर चारच वर्षें, १८९१ सालीं, मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली होती, ही गोष्ट मात्र सहसा कोणी तिच्याशीं जोडून पाहत नाहीं. रूळ आले म्हणून खेड्यांतील गूळ आपण होऊन डब्यांत जाऊन बसला नाहीं. तो उतरावयास, तोलावयास व विकावयास स्टेशनाजवळ पेठ असावी लागली. वाट येणें ही एक गोष्ट, आणि त्या वाटेचा उपयोग सामान्य माणसास होईल अशी जागा निर्माण करणें ही दुसरी. खेड्यापाड्यांत इंटरनेट नेण्याविषयीं हल्लीं जें बोललें जातें, त्यांत या दोहोंची गल्लत होते असें आमचें मत आहे.

आपल्या देशांत सामान्य जनतेस इंटरनेट प्रथम १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मिळालें, तें मोठ्या शहरांत. पुढें २०११ सालीं केंद्र सरकारनें सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर, म्हणजे केसासारखा बारीक कांचेचा तंतु, नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच आज भारतनेट म्हणतात. महाराष्ट्रांत तिचा एक भाग राज्य सरकारनें महानेट या नांवानें अंगावर घेतला. योजना प्रचंड आहे, आणि तिला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु हा तंतु जेथें संपतो ती जागा बहुधा ग्रामपंचायतीची कचेरी असते. कचेरीस सायंकाळीं कुलूप लागतें. आणि शाळेंतून परतलेल्या, घरचें पाणी भरून मोकळ्या झालेल्या मुलीस अभ्यासाला वेळ मिळतो तो कुलूप लागल्यानंतरच.

जागा कोणाची, या प्रश्नास किती महत्त्व आहे हें पाहण्यासाठीं फार दूर जावयास नको. पन्हाळा तालुक्यांतील वारणानगर येथून तासाभराच्या वाटेवर आहे. तात्यासाहेब कोरे यांनीं सहकारी साखर कारखाना उभारून ज्या मुलखाचें रूप पालटलें, त्याच मुलखांत १९९८ सालीं केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनीं मिळून एक धाडसी प्रयोग आरंभिला. कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांतील सुमारें ७० गांवें संगणकांनीं जोडावयाचीं, गांवोगांव केंद्रें उघडावयाचीं, आणि तेथें शेतकऱ्यास पिकांची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले व मुलांस शिक्षणाचें साहित्य मिळावयाचें, असा तो संकल्प होता. त्या काळीं शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांतही संगणक नव्हता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या धाडसाची किंमत कळते.

प्रत्यक्षांत काय घडलें? केंद्रें उघडलीं आणि चाललींही. परंतु तीं चाललीं मुख्यतः ऊसासाठीं. लागणीची नोंद, तोडणीची तारीख, कारखान्याच्या काट्यावर भरलेलें वजन, उचललेलें खत, एवढाच बहुतेक व्यवहार तेथें होई. जगाची माहिती गांवांत आणण्याचा मूळ संकल्प बाजूस राहिला. कांहीं जण यावरून प्रयोग फसला असें म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याचें वर्षाचें पोट ऊसाच्या वजनावर आहे, त्यास तें वजन कारखान्यापर्यंत हेलपाटा न घालतां आपल्याच गांवीं कळावें, ही लहान गोष्ट नव्हे. शेतकऱ्यानें यंत्राकडे आपल्या गरजेपुरतें पाहिलें, यांत त्याचें शहाणपणच दिसतें.

उणीव असली तर ती निराळी. केंद्र कारखान्याच्या व्यवहाराशीं बांधलेलें होतें. तेव्हां ज्याचा ऊस नाहीं त्याचें तेथें काय काम? भूमिहीन मजुराचा मुलगा तेथें कशाला जाईल? नववीतली मुलगी तेथें कोणत्या निमित्तानें पाऊल टाकील? पुढें २००६-०७ च्या सुमारास बंगळूरच्या संशोधकांनीं तेथील ७ गांवांत आठ महिने एक नवी चाचणी घेतली. संगणकावर होणारें तेंच ऊसाचें काम त्यांनीं मोबाइलवरील लघुसंदेशांनीं करून दाखविलें. तें स्वस्त पडलें, सोयीचें झालें, आणि शेतकऱ्यांस अधिक आवडलें. म्हणजे ज्या एका कामासाठीं केंद्राची पायरी चढावयाची, तें काम खिशांत मावण्यासारखें होतें. मग त्या खोलीस दुसरें कोणतें प्रयोजन उरतें?

येथें कोणी म्हणेल कीं, आतां घरोघर मोबाइल आहेत, मग खोली हवी कशाला? हा आक्षेप ज्यानें शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, चंदगड या बाजूच्या वाड्या व धनगरवाडे पाहिले आहेत तो सहसा घेणार नाहीं. मोबाइलच्या लहरींस डोंगर आड आला कीं दरीतील वस्ती मुकी होते. पावसाळ्यांत वीज गेली म्हणजे जवळचा मनोराही गप्प बसतो. घरांत फोन एकच असला तर तो वडिलांबरोबर कामावर जातो. २०२० सालच्या टाळेबंदींत शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एका विद्यार्थिनीस घरीं संपर्क मिळेना, म्हणून तिनें भर पावसाळ्यांत डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला. वर्तमानपत्रांनीं तिचें कौतुक केलें, तें योग्यच झालें. पण कौतुक करितांना, ती डोंगरावर कां गेली हें विचारणारे थोडे निघाले. त्याच्या आदल्याच वर्षीं केरळच्या उच्च न्यायालयानें इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला होता. हक्क कागदावर, आणि झोपडी डोंगरावर!

आमची सूचना अशी कीं, गांवांत येणारा तंतु प्रथम वाचनालयांत न्यावा. १९६७ च्या कायद्यान्वयें मान्यता पावलेलीं सार्वजनिक ग्रंथालयें आज महाराष्ट्रांत दहा हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांतील पुष्कळशीं खेड्यांत आहेत. आपल्या कोल्हापूरचें करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचें. म्हणजे ही परंपरा आपल्याकडे आगगाडीहूनही जुनी आहे. वाचनालयांत कोणीही जाऊं शकतो, तेथें जाण्यास कारण सांगावें लागत नाहीं, आणि सायंकाळीं तें उघडें असतें. खेड्यांतील वाचनालयास मराठी विश्वकोशाचे २० खंड विकत घेणें जड जातें. तोच विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतो. पाठ्यपुस्तकें मिळतात, सातबारा पाहतां येतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतां येतो. मात्र अर्ज भरतांना अडलेल्यास सांगणारें माणूस शेजारीं हवें. ग्रंथपालास आज जें तुटपुंजें मानधन मिळतें, त्यांत हें काम त्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. योजनेचा खर्च मांडतांना खांब व तंतु यांचा हिशेब बारकाईनें होतो. या माणसाच्या वेतनाचा हिशेबही तितक्याच बारकाईनें झाला पाहिजे. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तेव्हां केवळ हुकूम काढून ते थांबले नाहींत. मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला, आणि गांवोगांव शिक्षक नेमण्याचा भार दरबारानें उचलला.

पालकांच्या मनांत एक भीति आहे, तिचा अनादर करून चालणार नाहीं. इंटरनेटमुळें मुलें बिघडतात, खेड्यांतील मुलें आजवर त्यापासून वांचलीं तें बरेंच झालें, असें कित्येक सुज्ञ गृहस्थ बोलतात. धोका खरा आहे. परंतु पांघरुणाखालीं फोन घेऊन एकट्यानें जागणारा शहरांतला मुलगा आणि चार माणसांच्या देखत वाचनालयाच्या बांकावर बसणारा खेड्यांतला मुलगा, यांत अधिक धोक्यांत कोण? शिवाय आपल्या मुलांस जी वस्तु आपण स्वतः विकत घेऊन देतों, तीच दुसऱ्याच्या मुलांस अपायकारक म्हणणें शोभत नाहीं.

आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी सुट्टींत आपल्या मूळ गांवीं जातात. त्यांनीं तेथें गेल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: गांवांत फायबर आलें आहे काय, तें कोणत्या इमारतींत संपतें, आणि त्या इमारतीची किल्ली कोणाजवळ असते. वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं सुट्टीचे आठ दिवस गांवच्या वाचनालयांत बसून इतरांस अर्ज भरण्यास व माहिती शोधण्यास शिकविलें, तर त्यास कोणाची मंजुरी लागत नाहीं. पालकांपैकीं ज्यांचीं नांवें अजून गांवच्या मतदार यादींत आहेत, त्यांस ग्रामसभेंत बोलण्याचा अधिकार आहे. ती पुष्कळ गांवीं १ मे रोजीं, म्हणजे ऐन सुट्टींतच भरते. किल्लीचा प्रश्न तेथें विचारावा, आणि मिळालेलें उत्तर इतिवृत्तांत लिहून घ्यावें.