बर्फावरची सहल आणि माझी चूक



परगावी निघालेल्या आपल्या माणसाची बॅग भरायला बसलं की आपला हात काही आखडत नाही, हो ना? २०२४च्या ऑगस्टमध्ये माझी धाकटी बहीण शिकायला कॅनडात, ओटावाला निघाली, तेव्हा तिची बॅग मीच भरली. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू आणि थंडीसाठी म्हणून जाडजूड सुती गंजिफ्रॉक, सुती मोजे, जीन्सच्या पँटी. साताऱ्याची थंडी तेवढी मला ठाऊक. माझा हिशेब तिथवरच!

जानेवारीत एका रात्री तिचा फोन आला. "ताई, मला परत यायचंय." मी चरकलेच. तिकडे त्या दिवसांत पाचच्या आतच अंधारतं. कॉलेज सुटलं की खोलीत यायचं, दार लावून घ्यायचं, मऊ भात खायचा नि पांघरुणात शिरायचं, असं तिचं चाललेलं. इकडे बाबांनी तिच्यासाठी कर्ज काढलेलं. आईला सांगायची सोय नाही. मी आपली "होईल गं सवय" म्हणत राहिले. तुम्ही तरी दुसरं काय म्हणाला असता?

फेब्रुवारीत मात्र तिच्या वसतिगृहातल्या मुली तिला ओढूनच घेऊन गेल्या. एक ब्राझीलची, एक नायजेरियाची, एक व्हिएतनामची, एक मंगोलियाची. ओटावा शहरातून रीडो नावाचा कालवा जातो, १८३२ साली पुरा झालेला. हिवाळ्यात तो गोठतो आणि १९७१ पासून त्यावर ७.८ किलोमीटरचा घसरमार्ग तयार करतात. बर्फ निदान ३० सेंटीमीटर, म्हणजे आपल्या शाळेतल्या फूटपट्टीएवढा जाड झाला, की मगच हिरवं निशाण लागतं. लाल असेल तर उतरायचं नाही. २०२३च्या हिवाळ्यात तर थंडीच पुरेशी पडली नाही आणि तो मार्ग उघडलाच नाही. त्यामुळे बर्फ धरला की कुणी संधी सोडत नाही.

भाड्याचे स्केट्स पायांत चढवून आमची धाकटी उभी राहिली आणि धपकन बसली! ब्राझीलची तिच्या अंगावर, नायजेरियाची त्या दोघींवर. पडणाऱ्यांनाच पडणाऱ्या सोबत असल्यावर कोण कुणाला हसणार? "ताई, चार महिन्यांत पहिल्यांदा पोट दुखेपर्यंत हसले गं," ती मागाहून म्हणाली.

पण तासाभराने तिची बोटं पांढरी पडली, बधिर झाली. पडून-उठून अंगाला घाम आलेला, तो सुती कपड्यांनी टिपून धरलेला आणि वर गार वारा. माझ्या भरलेल्या बॅगेचा प्रताप! ती हात चोळायला लागली, तशी मंगोलियाची मुलगी धावली. तिच्या उलानबातारला ओटावाहून कडक थंडी असते, तिला सगळं ठाऊक. तिने चोळणं थांबवलं, सगळ्यांना काठावरच्या उबदार खोलीत नेलं आणि आमच्या धाकटीचे हात चक्क स्वतःच्या काखेत धरून बसली. हळूहळू मुंग्या आल्या, रंग परतला. आईविना आईपण करणारी ही पोर, तिचं नावसुद्धा मला नीट उच्चारता येत नाही.

तुमच्या घरातलं कुणी थंड मुलुखात निघालं असेल, तर माझी चूक करू नका. अंगालगत सुती नको. लोकरीचं किंवा घाम न धरणारं कृत्रिम धाग्याचं घ्या. त्यावर लोकरीचा स्वेटर, सगळ्यांत वर वारा अडवणारं जाकीट. मोजे लोकरीचे, पण एकावर एक कोंबू नका. बूट आवळला की रक्त नीट फिरत नाही. बोटं बधिर झाली तर चोळायची नाहीत, शेकोटीवर धरायची नाहीत. बधिर कातडीला चटका कळत नाही. अंगाची ऊब किंवा कोमट पाणी द्यायचं. तरीही पांढरेपणा आणि बधिरपणा गेला नाही, तर तडक डॉक्टर.

आणि लाडवांबरोबर एवढं बजावून सांगा, की कुणी हाक मारली तर दार उघड.

धाकटी परत आली नाही. अजूनही अधूनमधून फोनवर रडते, नाही असं नाही. पण आता रडून झालं की "ठेवते गं, खाली सगळ्या थांबल्यात," म्हणते.

शाळेतले माझे तास संपले की सध्या मी हातमोजे विणते आहे. अंगठा निराळा आणि चारी बोटं एका घरात, म्हणजे बोटांना एकमेकांची ऊब राहते. दोन जोड घातलेत. लाल धाकटीचा. निळा मंगोलियाला जाणार आहे, ओटावामार्गे.